सोळा म्हणजे सोळा

‘आपल्याच राजाची गोष्ट आहे, त्यात पोरांनी घाबरायचं काय?’

हे वाक्य २०२५ च्या मे महिन्यात मी निदान सहा जणांच्या तोंडून ऐकलं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत सुट्टीला मुंबईची मंडळी आली होती. घराघरातली मिळून वीस-बावीस मुलं जमली. चुलत भावाने येताना प्रोजेक्टर आणला होता. आमच्या खळ्यात दोन बांबू रोवायचे, पांढरी चादर ताणायची आणि जेवणं आटोपली की सगळ्या वाडीला संभाजीराजांवरचा ‘छावा’ दाखवायचा, असा बेत ठरला. ११ एप्रिलपासून चित्रपट नेटफ्लिक्सवर आलाच होता, त्यामुळे अडचण कसलीच नव्हती. गोणपाटं अंथरायची, लहान मुलांना पुढे बसवायचं, मोठी माणसं मागे पडवीत. सगळ्यांत लहान प्रेक्षक साडेचार वर्षांचा.

मी म्हटलं, सोळाच्या आतलं एकही मूल या चित्रपटाला माझ्या खळ्यात बसणार नाही.

तेवढ्यावरून मी भित्री ठरले, इतिहासाची वैरीण ठरले. एकाने तर तोंडावर सांगितलं की तुला महाराजांबद्दल आस्थाच नाही. हा शेवटचा शब्द मला लागला. म्हणून जे त्या रात्री पडवीत नीट बोलता आलं नाही, ते इथे लिहिते आहे. हे मत फक्त आमच्या वाडीचं असतं तर मी गप्प बसले असते. पण १४ फेब्रुवारी २०२५ ला चित्रपट लागल्यापासून सगळ्या महाराष्ट्रात हेच चाललं आहे. पहिलीतल्या पोरांना फेटे बांधून, कपाळावर चंद्रकोर रेखून थिएटरात नेलं, आणि ती हुंदके देत बाहेर आली की त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरला. ते व्हिडिओ घरोघरी फिरले. जेवढं मूल लहान आणि जेवढं रडणं मोठं, तेवढं कौतुक जास्त.

आधी समोरच्यांचं म्हणणं त्यांच्याच जोराने मांडते. ते म्हणतात, आजची मुलं मऊ झाली आहेत, त्यांना राजाने काय सोसलं ते कळलंच पाहिजे. ते म्हणतात, संभाजीराजांनी औरंगजेबाच्या कैदेत चाळीस दिवस यातना भोगल्या आणि तुमच्या लेकरांना पावणेतीन तास बघवत नाही? ते म्हणतात, मोबाईलवर गोळ्या घालायचे खेळ चालतात, तिथे तुम्हाला रक्त दिसत नाही का? आमच्या लहानपणी आम्ही दशावतारात हिरण्यकश्यपूचं पोट फाडलेलं बघितलं, आम्हाला काय झालं? आणि शेवटी हुकमाचं पान : मूल रडलं म्हणजे त्याच्यावर संस्कार झाला.

एकेक घेते. हुकमाच्या पानापासूनच.

मूल रडलं म्हणजे संस्कार झाला, असं म्हणणाऱ्याने मूल का रडलं हे त्याला विचारलं आहे का? माझी भाची, भावाची मुलगी, सात वर्षांची. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिचे आईबाबा तिला रत्नागिरीला घेऊन गेले. मीही बरोबर होते, म्हणजे या चुकीत मीही सामील आहे. दारात कोणी अडवलं नाही, कोणी वय विचारलं नाही. शेवटच्या भागात तिने आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. मागच्या रांगेत एक बाप आपल्या मुलाचे डोळ्यांवरचे हात ओढून काढत होता आणि सांगत होता, ‘बघ. त्यांनी सोसलं, तुला नुसतं बघायचंय.’ ते मूल जेमतेम सहा वर्षांचं असेल. ओरडत नव्हतं. दात आवळून बसलं होतं.

आमच्या घरी रविवारी आंघोळीनंतर मुलांची नखं कापायची रीत आहे. त्या रविवारी भाचीने मुठी आवळल्या. आईला वाटलं, हट्ट करते आहे. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मी तिला मांडीवर घेतलं, नेलकटर तिच्याच हातात दिला आणि म्हटलं, आधी माझी काप. तिने माझ्या अंगठ्याचं नख अगदी टोकाशी, भीत भीत धरलं आणि विचारलं, ‘आत्ये, ओढायचं नाही ना? त्यांची ओढली तशी?’

ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना हे दृश्य आठवत असेल. माझ्या भाचीला संभाजीराजांच्या आयुष्यातलं तेवढंच आठवत होतं. त्यांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा, तो नाही. बुऱ्हाणपूरची स्वारी नाही. जंजिऱ्याचा वेढा नाही, गोव्यात पोर्तुगीजांना फोडलेला घाम नाही. एकतीस वर्षांचा राजा तिच्या मनात दहा बोटांच्या नखांपुरता उरला. हा संस्कार कुठल्या अर्थाने झाला, ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

आणखी एक प्रश्न तिने विचारला होता, तो मला आजही अस्वस्थ करतो. ‘औरंगजेब आता कुठे राहतो?’ तो १७०७ साली मेला, त्याला तीनशेच्या वर वर्षं झाली, हे मी सांगितलं. पण ‘तीनशे वर्षं’ म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलीला कसं कळणार? तिच्या लेखी ते सगळं गेल्या महिन्यात, मोठ्या पडद्यावर, तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. राजापुरात तिच्या वर्गात, तिच्याच बाकावर मुसलमान मैत्रीण बसते. सतराव्या शतकातला मुघल बादशहा आणि शेजारची मैत्रीण यांच्यामध्ये केवढं अंतर आहे, हे मोठ्या माणसांना धड सांभाळता येत नाही. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, आणि या चित्रपटाने औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना पेटल्या, असं खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. त्या दंगलीची कारणं आणखीही असतील, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच विचारायचं आहे : मतदान करणाऱ्या, घरसंसार चालवणाऱ्या माणसांचं मन एक चित्रपट एवढं हलवून सोडतो असं सगळेच मान्य करतात, तर दुधाचे दात न पडलेल्या मुलाला मात्र काही होत नाही, हे कशाच्या बळावर म्हणायचं?

आता कायद्याचं. ‘सरकारने बंदी घातली नाही ना? मग तुम्ही कोण?’ हा प्रश्न मला भावानेच विचारला. बंदी नाही, खरं आहे. पण सेन्सॉर बोर्डाने या चित्रपटाला कोणतं प्रमाणपत्र दिलं आहे, ते त्याने वाचलं नव्हतं. यूए १६+. पूर्वी ‘यूए’ हा एकच सरसकट शिक्का असायचा, बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा अशा अर्थाचा. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि त्या एका शिक्क्याचे तीन झाले : सात, तेरा आणि सोळा. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठराच्या आतल्याला थिएटरवाल्याने आत सोडायचंच नाही. ‘यूए’ची तिन्ही वयं मात्र आईबापांसाठी सूचना म्हणून आहेत. म्हणजे ज्यांनी चित्रपट आधी पाहिला त्या मंडळाने तुमच्या कानात सांगितलं, की आम्हाला हे सोळाच्या पुढच्यांसाठी वाटतं, पुढचं तुम्ही बघा, मूल तुमचं आहे. कायद्याने हा निर्णय पोलिसावर टाकला नाही, तुमच्यावर विश्वास ठेवून तुमच्यावर टाकला. त्या विश्वासाचा अर्थ ‘चालतंय’ असा कसा काय काढता येतो? औषधाच्या बाटलीवर मुलांच्या हाताला लागू देऊ नका असं छापलेलं असतं. घरात येऊन ती बाटली कोणी तपासत नाही. म्हणून आपण ती पोराच्या हातात देतो का?

कोणी म्हणतं, मध्य प्रदेशाने, गोव्याने चित्रपट करमुक्त केला, म्हणजे सगळ्यांनी बघावा अशीच सरकारची इच्छा. करमुक्ती तिकिटाच्या किमतीबद्दल बोलते, बघणाऱ्याच्या वयाबद्दल नाही. तिकीट स्वस्त झाल्याने दृश्य सौम्य होत नाही.

दशावताराचं उदाहरण जास्त गंभीर आहे, कारण ते आपल्या मातीतलं आहे आणि ऐकताना खरं वाटतं. मीही लहानपणी आईच्या पदराखाली बसून दशावतार पाहिला आहे. इकडचे नमन-खेळेही पाहिले आहेत. हिरण्यकश्यपू मरताना पाहिला, रावण पाहिला, काळ्या कपड्यातल्या संकासुराला घाबरून पळाले आहे. पण नीट आठवा ते सगळं कसं असायचं. संध्याकाळी नाटकमंडळी गावात आली की आम्ही पोरं रंगपटाच्या फटीतून बघायचो. ज्याला रात्री राक्षस व्हायचं तो माणूस उघड्या अंगाने बसून गालाला रंग फासत असायचा, मध्येच विडी ओढायचा, आम्हाला ‘चला रे’ म्हणून हाकलायचा. रात्री तोच नाचत, गर्जना करत आला की पोटात गोळा यायचा खरा, पण आत कुठेतरी माहीत असायचं की हा तोच. मृदंग वाजायचा, झांज वाजायची, मरणाराही तालावर मरायचा. मध्येच झोप लागायची. मध्येच उठून शेंगदाणे खायला जाता यायचं. सकाळी हिरण्यकश्यपू देवळाच्या पायरीवर बसून चहा पीत असायचा.

हे सगळं उगीच नव्हतं. शेकडो वर्षं पोरांबाळांसकट बघायचे खेळ होते ते, आणि भीती किती द्यायची, कुठे थांबायचं, हे त्यांच्या रचनेतच होतं. आणि इकडे चित्रपटात? अंधाऱ्या हॉलमध्ये, माणसाच्या पाचपट मोठा चेहरा, छातीत धडधडणारा आवाज, कॅमेरा जखमेच्या इतका जवळ की कातडीचा पोत दिसावा, आणि उठून जायला बापाची परवानगी नाही. या दोन गोष्टींना एका मापाने कसं मोजता येईल? दशावतार राक्षसाला मारतो. इथे मुलाला ज्याच्यावर प्रेम करायला शिकवलं आहे, ज्याचा जयजयकार ते शाळेत रोज करतं, त्याच माणसाला तुकड्यातुकड्याने मारताना दाखवलं जातं. मुलाच्या बाजूने हा फरक केवढा आहे याचा विचार कोणी केला?

याच कारणाने मला कीर्तनकार आणि शाहीर मोठे वाटतात. संभाजीराजांचं बलिदान मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या देवळात, एका बुवांच्या आख्यानात. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. बुवांनी काही लपवलं नाही. डोळे काढले म्हणून सांगितलं. पण सांगितलं. सांगितलेली गोष्ट मूल आपल्या मनात आपल्याला झेपेल एवढीच रंगवतं. आठ वर्षांच्या मुलीने आठ वर्षांचं चित्र काढलं, अठराव्या वर्षी तीच गोष्ट आठवली तेव्हा ते चित्र मोठं झालं, आणि आज पन्नाशी ओलांडल्यावर ते आणखी भयंकर आहे. गोष्ट माझ्याबरोबर वाढत गेली. पडद्यावरची प्रतिमा वाढत नाही, ती आहे तशी, पूर्ण, तयार, मेंदूत जाऊन बसते. १९९९ साली अमेरिकेत हॅरिसन आणि कँटर या दोन संशोधिकांनी कॉलेजातल्या मुलामुलींना विचारलं होतं, की लहानपणी एखादं दृश्य पाहून फार घाबरला होतात का. जवळपास नव्वद टक्के हो म्हणाले, आणि साधारण चौथ्या हिश्शाने सांगितलं की त्या भीतीचा काही अंश अजून अंगात आहे. ते तर बहुतेक साधे भीतीचे सिनेमे पाहिलेले लोक होते. ‘आम्हाला काय झालं’ म्हणणाऱ्यांनी आपल्या बहिणीला, बायकोला, मित्राला एकदा शांतपणे हा प्रश्न विचारून बघावा.

मोबाईलच्या मुद्द्याला मी फार वेळ देणार नाही. घरात एक खिडकी उघडी राहिली आहे म्हणून दारही उघडं टाकावं, असा हा मुद्दा आहे. मुलं वाईट बघत असतील तर ते थांबवायचं. त्याचा दाखला देऊन आणखी एक वाईट गोष्ट आपल्या हाताने, फेटा बांधून दाखवायची नाही.

आता ‘मऊ पोरं’ आणि ‘मावळे’. समोरच्यांच्या मनात खोलवर हेच आहे : शूर मुलं तयार व्हायची तर त्यांना लहानपणीच असं काही दाखवायला हवं. त्यासाठी ते शिवरायांचा दाखला देतात, की त्यांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना थेट औरंगजेबाच्या दरबारात नेलं होतं. हो, नेलं होतं, १६६६ साली, आग्र्याला. पण तिथेच का थांबता? पुढचं सांगा ना. आग्र्याहून सुटका झाल्यावर शिवरायांनी काय केलं? मुलाला मथुरेत विश्वासू ब्राह्मण कुटुंबाच्या घरी ठेवलं आणि पुढची धोक्याची वाट त्याच्याशिवाय चालले. पाठलाग चुकावा म्हणून मुलगा वारल्याची आवई उठवली. वाट निर्धोक झाल्यावर मग त्याला राजगडावर आणलं. आपल्या छाव्याला काय दाखवायचं आणि कशापासून दूर ठेवायचं, याचा हिशेब त्या बापाजवळ पक्का होता. त्यांचं नाव घेऊन आपण सहा वर्षांच्या मुलाचे डोळ्यांवरचे हात ओढून काढतो?

आणि संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे? ११ मार्च १६८९ ला संभाजीराजांचा वध झाला तेव्हा शाहू सात वर्षांचेही नव्हते. ते रायगडावर होते, आई येसूबाईंजवळ. येसूबाईंनी त्या दिवसांत काय केलं, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक. नवऱ्याच्या मरणाची बातमी आलेली, गडाला वेढा पडत चाललेला, मांडीवर गादीचा वारस. तशात त्यांनी आपल्या मुलाचा हक्क पुढे केला नाही. दीर राजाराम एकोणीस वर्षांचा, त्याला पुढे करून गडाबाहेर काढला, म्हणजे राज्य एका ठिकाणी सापडू नये. स्वतः लेकरासह मागे राहिल्या. रायगड पडला, कैद झाली. शाहू सुटले १७०७ ला, येसूबाई १७१९ ला. तीस वर्षं. रक्ताचा एक थेंब न दाखवता ही गोष्ट मी भाचीला सांगितली. तिने तीन रात्री ती पुन्हा सांगायला लावली. शौर्य म्हणजे काय, हे तिला येसूबाईंकडून कळेल यावर माझा विश्वास आहे.

‘पण इतिहास तर कळतो ना?’ या प्रश्नाकडे येते, कारण सगळं त्यावर उभं आहे. चित्रपट शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ या कादंबरीवर बेतलेला आहे. कादंबरी १९७९ ची, तिच्यावर माझं प्रेम आहे, पण कादंबरीच. चित्रपट लागण्याआधीच लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते काढलं गेलं. लागल्यावर फितुरीच्या चित्रणावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हे वाचू शकतो, यात खरं किती आणि रचलेलं किती असा वाद घालू शकतो. माझा सतरा वर्षांचा पुतण्या घालतोच, आणि त्याने हा चित्रपट पाहिला याचा मला आनंद आहे. चित्रपट मीही पाहिला, शेवटी मीही रडले. तो मोठ्यांनी बघू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरचं सगळं घडलेलंच वाटतं. त्याला माफी आणि आक्षेप कोण समजावणार?

त्यात चित्रपट हिंदी. हा मुद्दा मी पडवीत काढला तेव्हा सगळे गप्प झाले होते. आमच्या वाडीतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना कार्टूनपुरतं हिंदी कळतं. दरबारातलं ते फारसी-उर्दूने भरलेलं बोलणं, राजांचे सोबती कवी कलश यांच्याबरोबरच्या त्या काव्यमय ओळी त्यांच्या डोक्यावरून जातात. म्हणजे राजाचा निर्धार ज्या शब्दांत आहे ते शब्द मुलापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचतं काय? तापवलेलं लोखंड, मीठ, किंकाळी. ज्याने त्या यातनेला अर्थ येतो ते गाळून फक्त यातना हाती दिल्यावर, त्याला इतिहास म्हणायचं?

मुघलांच्या बाजूच्या लेखनातही हा वध मोजक्या ओळींत आलेला आहे. आपण तो ताणून, उजेड पाडून, संगीत देऊन दाखवतो, आणि त्यालाच राजाचं आयुष्य समजतो. संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा राजपुत्र, ब्रज भाषेत काव्य करणारा, मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा चौफेर शत्रूंशी नऊ वर्षं लढत राहिलेला राजा. त्या नऊ वर्षांपैकी चाळीस दिवस शत्रूच्या हातातले. उरलेले सगळे त्याच्या स्वतःच्या हातातले. मुलाला पहिली ओळख कुठल्या दिवसांची करून द्यायची?

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. २००४ साली येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या बारा तासांवर मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ आला. चाबकाचे फटके, फाटलेली कातडी, खिळे, सगळं तसंच जवळून. तिकडच्या भाविक आईबापांनीही मुलांना नेलं, तेही म्हणत होते की देवाने आपल्यासाठी काय सोसलं ते लेकरांना कळू दे. ब्रिटनच्या मंडळाने मात्र त्याला अठराचं प्रमाणपत्र दिलं. तिथे अठराच्या आतल्याला थिएटरात प्रवेशच नाही. विषय देवाचा होता म्हणून वयाची अट सैल झाली नाही. भक्ती खरी असली तरी डोळे मुलाचेच असतात.

राजापूरकरांना तर माझं आणखी एक सांगणं आहे. आपल्याला मुलांना इतिहास दाखवायला पडदा ताणायची गरज कुठे आहे? अर्जुना नदीच्या काठाला घेऊन जा त्यांना. हे बंदर होतं, इथे इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्या वखारवाल्यांनी वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, म्हणून १६६१ साली शिवराय इथे आले आणि त्यांनी इंग्रजांना कैद करून नेलं. हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात, कुठे ठेवलं त्यांना, किती दिवस, काय खायला दिलं. आणि त्याच बंदराची दुसरी गोष्ट : औरंगजेबाचा सख्खा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ साली दक्षिणेत आला, संभाजीराजांनी त्याला आसरा दिला. पाच-सहा वर्षं तो आपल्याकडे राहिला. १६८७ साली या राजापुरातूनच एका इंग्रज कप्तानाच्या जहाजात बसून तो इराणकडे निघून गेला. ज्या शत्रूने पुढे राजाला मारलं, त्या शत्रूच्या पोराला राजाने आपल्या घरात सांभाळलं होतं. माणूस म्हणून संभाजीराजे केवढे होते, हे दहा वर्षांच्या मुलाला यातून कळतं की नाही? आणि औरंगजेबाचं नाव ऐकलं की जे चित्र त्याच्या मनात उभं राहील, त्यात त्याचा पळून आलेला मुलगाही असेल.

मग गाडीत बसवून कसबा संगमेश्वराला न्या. १ फेब्रुवारी १६८९ ला औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान याने राजांना पकडलं ते तिथे. कर्णेश्वराच्या देवळात बसवा, त्या दगडांवरून हात फिरवू दे. मग शांत आवाजात सांगा : इथून त्यांना नेलं, खूप हाल केले, ते वाकले नाहीत, फाल्गुनातल्या अमावास्येला भीमेच्या काठी त्यांना मारलं. एवढं पुरे आहे. मुलाने विचारलं, कसे हाल केले, तर त्याच्या वयाला झेपेल तेवढं सांगा आणि त्याचा हात धरून ठेवा. अंधाऱ्या थिएटरात तो हात तुम्ही डोळ्यांवरून ओढून काढला होता.

त्या रात्री आमच्या खळ्यात चादर ताणली गेली नाही. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मोठ्यांनी नंतर एका घरात दार लावून चित्रपट पाहिला, त्याला माझी काही हरकत नव्हती. मुलं माझ्या पडवीत झोपली. भाची आता नखं कापू देते, पण अजून आधी माझी कापून बघते.

मला पुढच्या मे महिन्यातही हेच विचारलं जाईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. प्रोजेक्टर येईल, बेत ठरेल, मी पुन्हा नाही म्हणेन. भित्री म्हणा, काही म्हणा. त्या साडेचार वर्षांच्या पोराला २०३६ साल संपता संपता सोळा पूर्ण होतील. तोवर त्याला शंभूराजांच्या शंभर गोष्टी मी सांगेन. तो सोळा पूर्ण करेल तेव्हा मी स्वतः खळं सारवीन, बांबू रोवीन, चादर ताणीन आणि त्याच्या शेजारी बसेन. त्याच्या आधी एक दिवसही नाही.